दोन खांब, दोन मापं

कॉलेजात असताना मी छातीठोकपणे सांगायचो की येशू ख्रिस्त नावाचा माणूस कधी झालाच नाही. हाताशी होतं एक पातळसं पुस्तक. त्यात ब्रूनो बाउअर आणि आर्थर ड्रूज या जर्मन लेखकांचे दाखले होते आणि एकच युक्तिवाद फिरून फिरून मांडला होता: येशूच्या हयातीत लिहिलेला एकही कागद त्याचं नाव घेत नाही, सबब तो नव्हता. ड्रूजचं पुस्तक १९०९ चं. त्याला पुढे कोणी काय उत्तरं दिली, हे शोधण्याची मला गरज वाटली नाही. मला वादात जिंकायचं होतं, आणि वसतिगृहातला वाद जिंकायला तेवढं पुस्तक पुरत होतं.

खोलीतला माझा जोडीदार नगरकडच्या ख्रिस्ती घरातला. नाताळच्या सुट्टीसाठी तो बॅग भरत असताना मी त्याला ऐकवलं की २५ डिसेंबर ही मुळात रोमन सूर्यदेवाची तारीख आहे. शर्टाची घडी घालता घालता तो म्हणाला, "तारीख मागाहून ठरली, हे आमचे पाळकसाहेबसुद्धा सांगतात. पण तारीख चुकली म्हणून माणूस खोटा कसा ठरतो?" मला ती पळवाट वाटली. आज वाटतं, त्या वर्षभरात आमच्या खोलीत इतिहासाच्या शिस्तीला धरून एकच वाक्य बोललं गेलं आणि ते त्याचं होतं. २५ डिसेंबरच्या नाताळाचा पहिला खात्रीचा उल्लेख इ.स. ३५४ मध्ये संकलित झालेल्या एका रोमन पंचांगवजा ग्रंथात मिळतो. त्यावरून सण केव्हा रुजला हे कळतं. येशू होता की नव्हता, याबद्दल त्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

मूळ चूक याहून मोठी होती. समकालीन कागद नाही म्हणजे माणूस नाही, हे माप मी लावत होतो. पण त्या काळच्या त्या मुलखात कुणाकुणाचे समकालीन कागद उरले आहेत, हे मी पाहिलंच नव्हतं. ज्या पिलाताच्या हुकमानं येशूला क्रुसावर दिलं, तो इ.स. २६ ते ३६ अशी सुमारे दहा वर्षं यहूदिया प्रांताचा रोमन अंमलदार होता. फौज त्याच्या दिमतीला होती, त्याच्या कारकिर्दीत नाणी पाडली गेली. तरी त्याचं नाव कोरलेला दगड सापडायला १९६१ साल उजाडावं लागलं. कैसरियाच्या उत्खननात मिळालेला तो दगडही तुटका, नाट्यगृहाच्या जिन्यात पुन्हा वापरलेला. साम्राज्याच्या अधिकाऱ्याची ही कथा, तर गालीलातल्या एका सुताराच्या मुलाबद्दल हयातीतलं दफ्तर मागणं याला पुराव्याचा आग्रह म्हणता येत नाही. ती अडवणूक होती.

उलट जे उरलं आहे, ते बाजूला सारण्यासारखं नाही. पौलाची पत्रं इ.स. पन्नासच्या दशकातली, म्हणजे क्रुसावरच्या मृत्यूनंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांतली. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की आपण यरुशलेमला जाऊन पेत्राला भेटलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. हे तो मोठेपणा मिरवायला सांगत नाही. या मंडळींशी त्याचे खटके उडाले आहेत आणि आपण त्यांचे मिंधे नाही, हे त्याला दाखवायचं आहे. काल्पनिक माणसाचा भाऊ असा यरुशलेमात घर करून राहत नाही. यहुदी इतिहासकार जोसिफस याच्या इ.स. ९३-९४ च्या ग्रंथात येशूचा उल्लेख दोनदा येतो. त्यातल्या एका ठिकाणी पुढच्या ख्रिस्ती नकलनविसांनी भर घातली आहे, हे बहुतेक अभ्यासक मानतात. मला तेवढी भेसळ पाठ होती. दुसरा उल्लेख याकोबाला दगडमार करून मारल्याच्या हकिकतीत, ओघात आलेला आहे. तो माझ्या पुस्तकानं गाळला होता आणि मी मूळ उघडून पाहिलं नव्हतं.

आणि सगळ्यात बोलका पुरावा तर माझ्या डोळ्यांसमोर, त्या मित्राच्या गळ्यातल्या साखळीत होता. त्या काळच्या यहुद्यांना अपेक्षित असलेला मसीहा हा राज्य परत मिळवणारा विजेता होता. क्रूस ही गुलाम आणि बंडखोर यांची शिक्षा. लोकांना पटेल असा तारणहार कल्पनेनं रचायचा असता, तर त्याला या बेइज्जतीच्या मरणानं कुणी मारलं नसतं. ही घटना अनुयायांना अडचणीची होती, तिचा अर्थ लावता लावता त्यांची सगळी धर्मविद्या उभी राहिली. अडचणीची गोष्ट कुणी आपणहून रचत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्याच काळात मी आणखी एक गोष्ट रंगवून सांगायचो: येशू तरुणपणी हिंदुस्थानात आला होता आणि त्याचं हस्तलिखित लडाखच्या हेमिस मठात आहे. ही कहाणी निकोलस नोटोविच या रशियन माणसाच्या १८९४ च्या फ्रेंच पुस्तकातली. आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस १८९५ साली मुद्दाम हेमिसला गेले, तेव्हा मठाच्या प्रमुख लामांनी असं कुठलंही हस्तलिखित नसल्याचं सांगितलं. बनाव तिथेच उघडा पडला होता. मी मात्र शंभराहून जास्त वर्षं शिळी असलेली थाप ताजी म्हणून वाटत होतो. येशू झालाच नाही, आणि येशू आमच्याकडे शिकून गेला, ही दोन्ही विधानं मी एकाच तोंडानं करत होतो. विसंगती मला जाणवत नव्हती, कारण दोन्हींतून मला एकच गोष्ट मिळत होती: समोरच्याच्या श्रद्धेवर मात.

पुढे इतिहासाचा प्राध्यापक झालो. वाचन वाढलं, सूर मऊ झाला. बाहेरगावी व्याख्यानं द्यायला लागलो. माझी समजूत झाली की आता मी पुराव्यानिशी बोलतो. खरं सांगायचं तर याच काळातल्या चुका मला जास्त सलतात. कॉलेजातला पोरगा अज्ञानानं बोलत होता. प्राध्यापक माहिती असून बोलत होता.

विद्यार्थ्यांना जुन्नरजवळच्या नाणेघाटात नेलं की गुहेतला नागनिकेचा लेख दाखवताना मी थांबायचो. लेखाच्या आरंभी देवतांना वंदन आहे आणि त्यात संकर्षण आणि वासुदेव ही नावं आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सह्याद्रीत त्यांची नावं कोरली गेली, ही फार मोलाची नोंद. मग मी विदिशेच्या खांबाकडे वळायचो. तक्षशिलेचा ग्रीक राजा अँटिआल्किडस याचा वकील हेलिओडोरस भागभद्र राजाच्या दरबारी आला आणि इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस त्यानं देवदेव वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. गावकरी त्या खांबाला खांबबाबा म्हणत. शेंदराच्या थराखाली लेख इतका झाकला होता की १८७७ साली अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे जाऊन आले तरी त्यांना तो दिसला नाही. १९०९ च्या सुमारास शेंदूर निघाल्यावर अक्षरं उघडी पडली. हे सगळं सांगून मी मुलांना बजावायचो: बघा, या खांबावरून वासुदेवाची उपासना सिद्ध होते, वासुदेव कृष्ण नावाचा माणूस होऊन गेला हे सिद्ध होत नाही. उपासनेचा पुरावा वेगळा, अस्तित्वाचा वेगळा.

यात चूक काहीच नव्हती. चूक पुढे झाली.

एका वैशाख पौर्णिमेला आमच्याच गावच्या बुद्धविहारात माझं व्याख्यान होतं. विषय होता ऐतिहासिक बुद्ध. सभागृह भरलेलं, पुढच्या रांगेत पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मागे उभी राहिलेली पोरं. युरोपातल्या विद्वानांनी एके काळी बुद्धालाही दंतकथेत ढकललं होतं, हे मी सांगितलं. एच. एच. विल्सन यांनी शंका घेतली. एमिल सनार यांनी १८७५ साली बुद्धचरित्र म्हणजे सूर्याचं रूपक ठरवलं, हेंड्रिक केर्न त्याच वाटेनं गेले. हर्मान ओल्डेनबर्ग यांनी १८८१ साली पाली ग्रंथांच्या आधारे खरा माणूस उभा केला. आणि मग डिसेंबर १८९६ मध्ये नेपाळच्या तराईत लुंबिनीचा खांब सापडला! अशोक राजा राज्याभिषेकानंतरच्या विसाव्या वर्षी स्वतः इथे आला, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले म्हणून त्यानं पूजा केली, गावाचा बळी नावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा भाग आठव्या हिश्श्यावर आणला. मी आवाज चढवून म्हणालो, "हा बुद्धांचा दगडावर कोरलेला जन्मदाखला आहे. यापुढे वाद संपला." टाळ्या वाजल्या. मला त्या हव्याच होत्या.

सभा पांगताना एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाल्यावर पाली शिकले होते. सगळे त्यांना काका म्हणत. हातात दीघनिकायाचा देवनागरी खंड, त्याला जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचं कव्हर, आत जागोजाग तिकिटाच्या आकाराच्या चिठ्ठ्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, लुंबिनीचा खांब जन्मदाखला, तर निगालीसागरच्या खांबाचं काय करायचं?"

निगालीसागरचा खांब लुंबिनीहून फार लांब नाही. तो १८९५ मध्ये, म्हणजे लुंबिनीच्याही आधी उजेडात आला. त्यावरही अशोकाचाच लेख आहे. राज्याभिषेकानंतर चौदाव्या वर्षी त्यानं कोणागमन बुद्धाचा स्तूप वाढवून दुप्पट केला, आणि पुढे स्वतः येऊन पूजा केली, असं तो सांगतो. काकांनी चिठ्ठी घातलेलं पान उघडलं. महापदानसुत्त. गोतमाच्या आधीचे सहा बुद्ध, प्रत्येकाचं कुळ, गोत्र, बोधिवृक्ष, आयुष्य. कोणागमनाच्या नावाखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ ओढली होती: आयुर्मान तीस हजार वर्षं.

"अशोक दोन्हीकडे आला, दोन्हीकडे पूजा केली, दोन्हीकडे खांब उभारला," काका म्हणाले. "मग हाही दाखला मानायचा, की तोही सोडायचा?"

मी काय केलं? मी म्हणालो की निगालीसागरचा शोध फ्यूरर नावाच्या माणसानं लावला आणि तो फसवणूक करणारा होता, त्यामुळे त्या खांबावर भरवसा ठेवता येत नाही. अर्धी गोष्ट खरी होती. अलोइस फ्यूरर यानं खोटे अवशेष एका ब्रह्मदेशी भिक्खूला दिल्याचं उघडकीला आलं आणि १८९८ साली त्याला सरकारी नोकरी सोडावी लागली. निगालीसागरजवळच्या स्तूपाचं त्यानं केलेलं वर्णनही बनावट निघालं. पण खांबावरचा लेख अशोकाचाच आहे हे लिपितज्ज्ञांनी मान्य केलं आहे, आणि लुंबिनीच्या शोधाचं श्रेय घ्यायला हाच फ्यूरर हजर होता. फ्यूररमुळे एक खांब बाद होत असेल तर दुसराही होतो. हे मला माहीत होतं. मी ते त्या घडीला गिळलं. काकांनी मान हलवली, पुस्तक पिशवीत ठेवलं आणि गेले. त्यांना माझी लबाडी त्याच वेळी कळली होती की नाही, हे त्यांनी पुढेही कधी बोलून दाखवलं नाही.

घरी जाताना हेलिओडोरसचा खांब आठवला. तिथे मी उपासना आणि अस्तित्व यांच्यात भिंत उभी करत होतो. लुंबिनीत मीच ती पाडली. एका सभेत कृष्णभक्तांना नाकारलेलं माप दुसऱ्या सभेत बुद्धानुयायांना आनंदानं बहाल केलं, कारण पहिल्या ठिकाणी मला निर्भीड दिसायचं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी आपला माणूस. लुंबिनीचा लेख सांगतो ते एवढंच: अशोकाच्या काळी, बुद्धाच्या निर्वाणानंतर निदान शंभर-दीडशे वर्षांनी किंवा कदाचित दोनशेहून अधिक वर्षांनी, लोक या जागेला बुद्धाचं जन्मस्थान मानत होते. निर्वाणाचं सालच पक्कं नाही. अशोकाचा अभिषेक २१८ वर्षांनी झाला असं सिंहली परंपरा सांगते, तर दुसरी परंपरा अशोकाला शंभरच वर्षांनी बसवते.

काही दिवसांनी काकांच्या घरी गेलो आणि जे गिळलं होतं ते सांगितलं. त्यांनी चहा मागवला. मी विचारलं, खांबाचा पुरावा असा ढासळला तर तुम्हाला त्रास होत नाही का? हा प्रश्नही विचारायला नको होता. त्यात एक आढ्यता होती, की श्रद्धा माझ्या पुराव्यावर उभी आहे. काका म्हणाले, "माझ्या वडलांनी १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली ती खांब वाचून घेतली नाही. तुम्ही खांबावर भाषण केलंत, म्हणून मी खांबाचं विचारलं."

पुढची काही वर्षं आम्ही दोघं मिळून पाली सुत्तं वाचत गेलो. मला जे दगडात हवं होतं ते तिथे, साध्या ओळींमध्ये सापडत गेलं. अरियपरियेसनसुत्तात बोधी मिळाल्यावर वाटेत बुद्धांना पहिला माणूस भेटतो तो उपक नावाचा आजीवक. बुद्ध त्याला आपण पूर्ण ज्ञान मिळवल्याचं सांगतात. उपक म्हणतो, असेलही बाबा, मान हलवतो आणि आडवाटेनं निघून जातो. सम्यक संबुद्धाची जगाला पहिली ओळख, आणि समोरचा माणूस पटल्याशिवाय चालता होतो! भक्तीनं कथा रचणारा कवी असा प्रसंग कशाला घालील? सुनक्खत्त नावाचा लिच्छवी संघ सोडून जातो आणि वैशालीत सांगत फिरतो की या श्रमण गोतमापाशी काही अलौकिक नाही. कपिलवस्तूत नव्या सभागृहात बोलता बोलता बुद्धांची पाठ दुखायला लागते, तेव्हा ते शिष्य आनंदाला पुढचा उपदेश करायला सांगून आडवे होतात. शेवटच्या प्रवासात चुंदाच्या घरी जेवल्यावर रक्ताची हगवण लागते. आनंद पाणी आणायला जातो, तर नुकत्याच गेलेल्या गाड्यांनी ओढा गढूळ झालेला. पुढे पाणी स्वच्छ होतं तो चमत्कार सुत्तानं लगेच जोडला आहे, हेही खरं. पण ती दुखरी पाठ आणि तो गढूळ ओढा चमत्काराच्या कामाचे नाहीत. ते आठवणीतून आले असावेत असं मला मनापासून वाटतं.

महावीरांच्या बाबतीत याहून भक्कम गोष्ट घडली. एकोणिसाव्या शतकात जैन धर्म ही बौद्ध धर्माचीच फांदी समजली जात होती, आणि महावीर म्हणजे बुद्धाचंच प्रतिबिंब, इथपर्यंत काहींची मजल गेली होती. हर्मान याकोबी यांनी १८८४ साली आचारांग आणि कल्पसूत्राच्या भाषांतराला लिहिलेल्या प्रस्तावनेत हे मोडून काढलं. कशाच्या आधारे? बौद्धांच्याच ग्रंथांच्या. पाली सुत्तांत निगंठ नातपुत्त, म्हणजे महावीरच, हा बुद्धांचा समकालीन आणि प्रतिस्पर्धी आचार्य म्हणून वारंवार येतो. त्याची मतं खोडून काढली जातात, पावा इथे तो वारल्यावर त्याच्या शिष्यांत लागलेल्या भांडणाची बातमी बुद्धांपर्यंत येते. विरोधकाला खोटा ठरवता येतं, पण नसलेल्या विरोधकाशी कुणी पिढ्यान् पिढ्या झगडत नाही. अनुयायांच्या शंभर स्तोत्रांपेक्षा प्रतिस्पर्ध्याची एक निंदा मला इथे जास्त वजनदार वाटते.

धर्मानंद कोसंबींच्या बाबतीतही मी एक चूक केली आहे आणि ती सांगायलाच हवी, कारण ती त्यांच्या नावावर खपली. गोव्याच्या साखवाळचा हा माणूस बुद्धाच्या ओढीनं घर सोडून सिंहल-ब्रह्मदेशापर्यंत गेला, भिक्खू झाला, आणि १९४०-४१ मध्ये 'भगवान बुद्ध' लिहिताना आपल्याच आवडत्या कथांवर त्यानं चाकू चालवला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसल्यानं गोतमानं घर सोडलं, ही चित्रांतून घरोघर पोचलेली कथा महापदानसुत्तात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची आहे, हे त्यांनी दाखवलं. मध्यरात्री चोरून जाणंही त्यांनी नाकारलं. जुनं सुत्त सांगतं की आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत गोतमानं केस उतरवले. इथपर्यंत ते ग्रंथ दाखवतात. पुढे ते गृहत्यागाचं कारण शोधतात, ते शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात. तिथे ते अत्तदंडसुत्ताच्या आधारे अनुमान करतात. अट्ठकथेत, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या भाष्यात, तो पाण्याचा तंटा येतो, पण तिथे बुद्ध झाल्यानंतर गोतम तो मिटवतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धग्रंथात हाच तंटा गृहत्यागाच्या केंद्रस्थानी ठेवला, कारण म्हातारपण आणि मरण एकोणतिसाव्या वर्षापर्यंत दिसलंच नाही हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं. मलाही रोहिणीची संगती पटते. पण वर्गात मी ती अनुमान म्हणून सांगितली नाही, घडलेली गोष्ट म्हणून सांगितली. कोसंबींनी जपलेली रेघ मी पुसली.

२०१३ साली लुंबिनीच्या मायादेवी मंदिराखाली रॉबिन कनिंगहॅम यांच्या तुकडीला इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातलं लाकडी बांधकाम सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा मी पुन्हा घसरलो. बातम्यांत बुद्धजन्माचा पुरावा असे मथळे होते आणि मी ते वर्गात वाचून दाखवले. सापडलं होतं काय? खांब रोवल्याचे खड्डे, आणि मध्ये झाडाच्या मुळांच्या खुणा. वृक्षपूजेची जागा बुद्धाआधीचीही असू शकते, असा आक्षेप पुरातत्त्वज्ञांनी लगेच घेतला. त्या खड्ड्यांत कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं.

मग २०१७ मध्ये डेव्हिड ड्रूज या अभ्यासकाचा निबंध आला: बुद्धाबद्दल एकही गोष्ट ऐतिहासिक म्हणून सिद्ध झालेली नाही, ऐतिहासिक बुद्ध ही एकोणिसाव्या शतकातली उभारणी आहे. वाचून मी हादरलो आणि काही काळ थेट दुसऱ्या टोकाला जायच्या बेतात होतो. ॲलेक्झांडर विन यांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं. दोन्ही वाचल्यावर कळलं की ड्रूज यांचा आक्षेप माझ्यासारख्यांना नेमका लागू आहे, जे सिद्ध आणि संभवनीय यांत फरक करत नाहीत. आज मी बुद्ध होऊन गेले असं मानतो. फार संभवनीय मानतो. सिद्ध झालं असं म्हणत नाही.

मुहम्मद पैगंबरांविषयी प्रश्न आला की मी विषय बदलायचो. सभेत गडबड नको, हे कारण स्वतःलाच देत होतो. मागच्या बाकावरून एका मुस्लिम विद्यार्थिनीनं एकदा विचारलं, "सर, सगळ्यांबद्दल सांगता, आमच्याबद्दल का नाही?" तिला वाटलं होतं की मी त्यांना मोजतच नाही. ते मौन इतर कुठल्याही विधानाइतकंच चूक होतं, आणि विनाकारण होतं, कारण पुराव्याच्या दृष्टीनं ही बाजू बरीच स्पष्ट आहे. पैगंबर इ.स. ६३२ मध्ये वारले. इ.स. ६४० च्या सुमाराच्या एका सिरियाक बखरीत त्यांचं नाव येतं, सहाशे साठच्या दशकात एका आर्मेनियन इतिहासकारानं त्यांच्याबद्दल लिहिलं, आणि यरुशलेमच्या 'डोम ऑफ द रॉक' या वास्तूतला हिजरी ७२ चा लेख आजही जागेवर आहे. लिहिणारे पहिले दोघे मुसलमान नव्हते.

लाओत्सेच्या बाबतीत गोष्ट उलटी. इसवी सनापूर्वी १०० च्या सुमारास लिहिणाऱ्या चिनी इतिहासकार सीमा च्यानलाच तो नेमका कोण याची खात्री नव्हती. त्यानं दोन-तीन वेगवेगळी माणसं सुचवली आणि वाचकावर सोडलं. झरथुष्ट्राच्या गाथांमध्ये एका व्यक्तीचा आवाज ऐकू येतो, पण त्याचं शतक ठरवताना विद्वान हजार वर्षं मागेपुढे होतात. आणि वासुदेव कृष्णाबद्दल, आपल्या हाती असलेल्या साधनांनी होय किंवा नाही म्हणता येत नाही, एवढंच मी म्हणेन. नाणेघाटात तेव्हा मी जे बोललो त्यावर मी ठाम आहे, फक्त ते प्रत्येक खांबापाशी बोलायला हवं होतं.

काका आता नाहीत. त्यांचा दीघनिकायाचा खंड त्यांच्या नातवाकडे आहे, चिठ्ठ्यांसकट.

माझ्या व्याख्यानांची एक छोटी पुस्तिका मध्यंतरी गावच्या मंडळींनी छापली होती. ती बऱ्याच घरांत आणि दोन-तीन शाळांच्या कपाटांत आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांना माझी विनंती आहे की पेन घेऊन तीन दुरुस्त्या कराव्यात. लुंबिनीच्या प्रकरणात जन्मदाखला हा शब्द आणि वाद संपल्याचं वाक्य खोडावं, आणि समासात निगालीसागरच्या खांबाची नोंद करावी. रोहिणी नदीच्या परिच्छेदापुढे 'कोसंबींचं अनुमान' असं लिहावं. आणि व्याख्यानांतही शिरलेला हेमिस मठाचा परिच्छेद पूर्ण काढून टाकावा. त्यात खरं काहीच नाही. मुलांना वाचायला देण्याआधी हे करावं.